निरीक्षकांच्या गाडीतला ओलावा

कोणत्याही वस्तूच्या आत काय चाललं आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून माणसाने झाकणाचा शोध लावला. झाकण हे झाकण्यासाठी असतं, हा एक सर्वसाधारण गैरसमज आहे. नुसतं झाकायचंच असतं तर अंड्यासारखी व्यवस्था पुरली असती. झाकण हे उघडण्यासाठी, आत बघून ‘अरेरे’ म्हणण्यासाठी आणि परत लावून चार लोकांना बोलावून आणण्यासाठी असतं. या तिन्ही कामांत आमचे सासरे निष्णात आहेत.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे खात्याने त्यांना निवृत्त केलं. त्यांनी खात्याला अजून केलेलं नाही. घरात आणि गल्लीत त्यांना सगळे ‘निरीक्षक’च म्हणतात. आमच्या जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर बुटकी आहे हे त्यांनी शोधून काढलं आणि तिच्यावर लाल रंगाने खूण केली. (तेव्हापासून येणारा-जाणारा खूण बघायला वाकतो आणि पडतो. पूर्वी कुणी पडत नसे; पण पूर्वी कुणाला काही माहीतही नव्हतं.)

थंडीच्या दिवसांतल्या एका सकाळी निरीक्षकांनी आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिन ऑइलचं झाकण फिरवून काढलं, उलटं केलं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले. झाकणाच्या आतल्या अंगाला पिवळट पांढरा, मऊ, दाढीच्या क्रीमसारखा थर जमला होता.

“जावईबापू,” ते म्हणाले, “तेलात ओलावा आहे.”

घरात चोर शिरलाय हे सांगताना माणूस जसा आवाज खाली घेतो, तसा त्यांनी घेतला होता.

इथे एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. आदल्या संध्याकाळी त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, फोन आला होता. या दोघांचा धाकटा भाऊ डोंगरापलीकडच्या गावी असतो, गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. ‘बरा आहे, बोलतोय, पण उजवा हात उचलत नाही. एकदा जाऊन ये,’ असं आत्याबाईंनी सांगितलं, आणि निरीक्षकांनी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं निरीक्षकांनी वारंवार स्पष्ट केलेलं आहे. मीही तो जोडत नाही. फक्त एकीपाठोपाठ दुसरी सांगतो.

संबंध नसलेली आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे ती मध्ये मध्ये येणार नाही. धाकट्या भावाचं खिळे, बिजागऱ्या आणि कड्या-कोयंड्यांचं दुकान होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी निरीक्षक तपासणीच्या दौऱ्यावर त्या गावी गेले, भावाकडे पोटभर जेवले, भावजयीच्या हाताची तारीफ केली आणि मग दुकानात जाऊन त्याचा काटा तपासला. काट्यात दोष निघाला. दोष ग्राहकाच्या बाजूने होता: किलोभर खिळे मागणाऱ्याच्या पुडीत मूठभर जास्तच पडत. भावाचं म्हणणं, नुकसान माझं होतंय, तुझ्या बापाचं काय जातं? (बाप एकच होता, हे रागाच्या भरात त्याच्या लक्षात आलं नाही.) निरीक्षकांचं म्हणणं, दोष कुणाच्या बाजूने आहे असा प्रश्नच नियमात नाही. त्यांनी भर बाजारात काटा जप्त केला, दुकानाच्या दारावर नोटीस डकवली आणि पावतीवर भावाची सही घेतली. ती सही ही दोघा भावांमधली शेवटची देवघेव. वरिष्ठांनी या कारवाईबद्दल ‘निःपक्षपाती’ असा शेरा दिला होता.

असो. विषय ओलाव्याचा आहे.

पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजातला मेकॅनिक येऊन गेला. त्याने झाकणावरून बोट फिरवलं, ते पँटला पुसलं आणि म्हणाला, “थंडीत होतं असं. तुम्ही गाडी भाजी आणण्यापुरती काढता, इंजिन नीट तापत नाही. आत वाफ धरते, तिचं पाणी होतं. एक लांब चक्कर मारून या. तेल चांगलं तापलं की उडून जाईल.”

“आणि गॅस्केट गेलं असेल तर? इंजिन गार ठेवणारं कूलंटचं पाणी तेलात उतरत असेल तर?”

“मग पुढचं पुढे बघू की. आधी चक्कर तर मारा.”

निरीक्षकांनी त्याला चहा पाजला आणि मनातून बाद केला. ज्या तज्ज्ञाला आजाराची भीतीच वाटत नाही, त्याच्या हाती रुग्ण सोपवणं त्यांना धोक्याचं वाटलं. सासूबाईंनीही तेच सुचवलं: “अहो, ओले कपडे उन्हात घालतो तसंच ना ते? धाकट्या भावजींकडे जाऊन या. गाडीही सुकेल.” हे मत ‘घरगुती’ या सदरात घालून निकाली काढण्यात आलं.

निरीक्षकांची भूमिका स्वच्छ होती. लांबच्या प्रवासाला निर्दोष गाडी लागते. ही गाडी निर्दोष नाही, कारण तिच्या तेलात ओलावा आहे. ओलावा जायला लांबचा प्रवास लागतो. लांबच्या प्रवासाला निर्दोष गाडी लागते. मी या तर्काभोवती बऱ्याचदा फिरून आलो. त्याला कुठेही दार नाही, खिडकी नाही. इतकं पक्कं बांधकाम हल्ली पाहायला मिळत नाही.

तेव्हा निदान सुरू झालं.

प्रथम गल्लीचं मत घेण्यात आलं. साठ टक्के लोकांना ओलावा दिसला, तीस टक्के लोकांना दिसला नाही आणि दहा टक्के लोक चष्मा घरी विसरून आले होते. (सर्वात ठाम मत या दहा टक्क्यांचं होतं.) लवकरच दोन पक्ष पडले. झाकणवाले म्हणत, झाकणावर फेस आहे, अजून काय पुरावा हवा? पट्टीवाले म्हणत, तेल मोजायची पट्टी बाहेर काढून बघा, ती स्वच्छ आहे, म्हणजे खालचं तेल चांगलं आहे. दोन्ही पक्ष एकमेकांना पाण्यात पाहू लागले. तेलातलं पाणी पाहण्याचं काम त्यामुळे थोडं मागे पडलं.

ते पुढे नेलं केमिस्ट्रीच्या सरांनी. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून प्रयोगाला भुकेलेले असतात. त्यांनी शास्त्रोक्त चाचणी सांगितली: तापलेल्या भांड्यात तेलाचा थेंब टाकायचा, त्यात पाणी असेल तर तो तडतडतो, नसेल तर गप्प बसतो. सासूबाई बाहेर गेल्याचं बघून त्यांचा चांगला नॉनस्टिक पॅन घेण्यात आला. निरीक्षकांनी तो आधी साबणाने दोनदा धुतला, कारण चाचणीचं साहित्य स्वच्छ हवं. फडक्याने पुसला नाही, कारण फडक्याचे धागे लागले असते. गॅसवर तो तापतो न तापतो तोच सरांनी थेंब सोडला.

तो तडतडला. नुसता तडतडला नाही, उडाला. सरांच्या चष्म्यावर बसला. दोघा ज्येष्ठांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

“पॅन ओला होता,” दारातून सासूबाई म्हणाल्या. त्या केव्हा आल्या ते कळलंच नव्हतं.

“वहिनी, ओलावा आहे एवढं तर सिद्ध झालं,” सर म्हणाले. “तो तेलाचा की पॅनचा, हा पुढच्या टप्प्यातला प्रश्न आहे.”

“पाणी कुठे मुरतंय ते मला चांगलं ठाऊक आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि पॅन उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पुढच्या टप्प्यासाठी ‘डॉक्टर’ आणण्यात आले. हे पलीकडच्या रस्त्यावरचे मेकॅनिक. इंजिनाला स्टेथस्कोप लावून ऐकतात म्हणून हे नाव पडलं. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकलं, मग नळ्या माझ्या कानात घातल्या. “येतोय आवाज?” मला समोरच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. मी येतोय म्हणालो. “खोकतेय,” डॉक्टर म्हणाले. “छातीत आहे.” निरीक्षकांनी डोळे टिपले. इतक्या दिवसांत त्यांच्या काळजीला काळजीनेच उत्तर देणारा हा पहिला माणूस.

डॉक्टरांनी गाडी रोज दाखवायला आणायला सांगितली. गॅरेज पायी पाच मिनिटांवर आहे. गाडीने, वळसा घालून, तेवढंच. निरीक्षक रोज सकाळी गार इंजिन चालू करून गाडी तिथे नेत, ते कोमट होण्याआधी बंद करत आणि तपासणी झाली की परत आणत. संध्याकाळी आवाज ऐकण्यासाठी घरासमोर थोडं चालू ठेवत. थर वाढत गेला. “बघा,” ते म्हणत, “वेळेवर लक्ष ठेवलं नसतं तर काय झालं असतं!”

शेवटी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत गेला. नमुन्यासाठी स्वच्छ काचेची बाटली हवी होती, ती घरात मिळाली. अहवाल असा आला: ‘नमुन्यात आर्द्रता योग्य त्या प्रमाणात आढळली. तसेच खोकल्याचे औषध आढळले.’ त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. बाटली पूर्वी कशाची होती हे मला आठवत होतं, पण डॉक्टरांचा चेहरा इतका फुलला होता की मला बोलवेना. “मी काय म्हणालो होतो?” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “खोकतेय! म्हणजे हिला आधीच कुणीतरी औषध चालू केलंय.”

गाडीला एक आठवडा डॉक्टरांकडे निरीक्षणाखाली ठेवलं तेव्हा गल्लीतले बहुतेक सगळे तिला बघून आले. एकाने जाताना केळीही नेली (ती डॉक्टरांनी खाल्ली). धाकट्या भावाची चौकशी एकट्या सासूबाई करत, फोनवर, आतल्या खोलीचं दार लोटून. आत्याबाईंचे फोन निरीक्षक स्वतः घेत.

“निघालास का?”

“ताई, अहवाल आलाय. गुंतागुंत आहे.”

“त्याला आता काठी धरून चालता येतंय.”

“वा, वा. इकडे मात्र अजून काही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, उघडूनच बघावं लागेल.”

यानंतर आत्याबाईंनी फोन करणं थांबवलं. निरीक्षकांना ते सुधारणेचं लक्षण वाटलं.

मग एका सकाळी निरीक्षक नेहमीप्रमाणे बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असताना मागून आवाज आला, “काय रे, अजून जिवंत आहे का ही?”

आत्याबाई. हातात एक पिशवी, अंगावर शाल, पायात कॅनव्हासचे बूट. या बाईंनी आयुष्यभर सरकारी इस्पितळात हेडनर्स म्हणून काम केलं आहे. रुग्णापेक्षा नातेवाईकांना सांभाळणं अवघड असतं असं त्या म्हणतात.

“ताई! एवढ्या लांबून बसने आलीस?”

“हो. बसच्या तेलात काय आहे ते विचारायचं राहून गेलं. तिकीट काढलं आणि बसले.” त्यांनी पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. “चालू होते का?”

“होते, पण...”

“ब्रेक लागतात?”

“लागतात गं, पण...”

“मग बस.”

निरीक्षकांनी खिशातून प्रयोगशाळेचा अहवाल काढून पुढे केला. आत्याबाईंनी चष्मा लावून तो वाचला. “खोकल्याचं औषध कोण घेतंय?” त्यांनी विचारलं. मग घडी घालून परत दिला.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “तुला यायचं नसेल तर नाही म्हण. मी एकटी जाते आणि त्याला सांगते की येत नाही म्हणाला. पण तेलात पाणी आहे, असलं काही मी त्याला सांगणार नाही. तो हसेल. हसला की आता त्याचं तोंड वाकडं होतं, आणि मग तो हाताने झाकून घेतो. ते मला बघवत नाही.”

निरीक्षकांनी बॉनेट बंद केलं. घरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा अंगात स्वेटर होता आणि हातात नमुन्यासाठी रिकाम्या बाटल्या. “जावईबापू, मागे बसा,” ते मला म्हणाले. “वाटेत निरीक्षणं घ्यावी लागतील.”

गावाबाहेर पडताच त्यांनी पहिल्यांदा गाडी थांबवली, झाकण काढलं, पाहिलं, लावलं. पेट्रोल पंपाशी दुसऱ्यांदा. रेल्वेचं फाटक ओलांडल्यावर तिसऱ्यांदा. तिथे आत्याबाई दार उघडून उतरल्या आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागल्या.

निरीक्षकांनी घाईघाईने झाकण बसवलं आणि गाडी त्यांच्या शेजारून चालवू लागले. मागे ट्रक हॉर्न वाजवत होते.

“ताई, बस ना गाडीत. लोक बघतायत.”

“बघू देत. तेल बघून झालं?”

“पहिल्या गिअरमध्ये इंजिनवर ताण येतो गं!”

“मग तू पुढे जा. मी येते मागून. संध्याकाळपर्यंत डोंगर चढेन.”

ही मिरवणूक चांगली लांबली. शेवटी निरीक्षकांनी काच पूर्ण खाली केली आणि म्हणाले, “नाही थांबत. शपथ.” आत्याबाई बसल्या, बूट काढून पाय वर घेतले आणि घाट सुरू व्हायच्या आत झोपून गेल्या.

मग गाडी खरोखरच चालली. इतकी सलग ती तिच्या आयुष्यात कधी चालली नसावी. इंजिनाचा सूर बदलला, पायांशी ऊब आली, आणि सुरुवातीला डॅशबोर्डच्या काट्यांवर खिळलेली निरीक्षकांची नजर हळूहळू रस्त्यावर गेली. घाटमाथ्यावर आत्याबाई जाग्या झाल्या तेव्हा निरीक्षकांनी समोरच बघत विचारलं,

“कुठला हात म्हणालीस?”

“उजवा.”

बरीच वळणं गेली.

“सही कशी करतो मग?”

“डाव्याने शिकतोय. पोरासारखी करतो, वाकडीतिकडी.”

निरीक्षकांनी घसा साफ केला. त्यांना गाडीचा खोकला लागला असावा असं डॉक्टर म्हणाले असते.

पोहोचलो तेव्हा धाकटे भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले होते. अंगाने उतरले होते, दाढी त्यांच्या बायकोने केली असावी, एका बाजूला राहून गेली होती. आत्याबाई उतरून सरळ आत गेल्या. निरीक्षक उतरले, पण अंगणात गेले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड उभे राहिले. मी मागच्या सीटवर बाटल्या धरून बसलो होतो. काठीचा आवाज हळूहळू जवळ आला आणि बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला थांबला.

“काय झालंय हिला?”

“तेलात ओलावा आहे.”

“बघू.”

झाकण भाजत होतं. निरीक्षकांनी रुमालात धरून ते काढलं, उलटं केलं. आतलं अंग काळंभोर, चकचकीत, कोरडं ठणठणीत होतं. मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. माझी नजर चांगली आहे.

“कुठाय?”

“होता,” निरीक्षक म्हणाले. “आज सकाळपर्यंत होता. गल्लीने पाहिलाय. अहवाल आहे माझ्याकडे. मी काय खोटं बोलतोय? इतके दिवस मी...”

धाकट्यांनी काठी गाडीला टेकवून ठेवली, रुमालासकट झाकण डाव्या हातात घेतलं आणि उजेडात धरून, डोळा बारीक करून, नीट बघितलं.

“आहे की,” ते म्हणाले. “हा काय, कडेला. थोडासा आहे.”

“दिसला ना?”

“दिसला ना. एवढा ओलावा असताना तू आलास कसा?”

निरीक्षकांनी झाकण परत घेऊन ते रुमालाने पुसलं, मग त्याच रुमालाने डोळे पुसले. त्यामुळे त्यांच्या दोन्ही गालांवर ऑइलचे काळे पट्टे उमटले. धाकटे हसले. तोंड वाकडं झालं. ते झाकून घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

चहा घेताना दोघे कचाकचा भांडले. इंजिन गरम असताना झाकण उघडावं की नाही, यावर.

परत आल्यावर गल्लीत फार नाराजी पसरली. निदान होण्याआधीच रुग्ण बरा होणं हे कुठल्याच पक्षाला मान्य नव्हतं. झाकणवाल्यांनी झाकण बदललं असल्याचा संशय व्यक्त केला. पट्टीवाले म्हणाले, आम्ही आधीच सांगत होतो, आणि त्यामुळे सगळ्यांनाच नकोसे झाले. डॉक्टरांनी स्टेथस्कोप लावून ‘आजार आत दबलाय’ असं सांगितलं. निरीक्षकांनी कुणाशी वाद घातला नाही. आता दर महिन्याला ते एकदा घाट ओलांडून धाकट्यांकडे जातात आणि दोन दिवस राहतात. भेटायला जातो असं ते कधीच म्हणत नाहीत. तेलाची प्रतिबंधक काळजी घ्यायला जातो म्हणतात. या सदरात त्यांनी जाताना खिळ्यांचा डबा भरून नेला आणि येताना भोपळा आणला, याची नोंद कुठेही नाही.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे ते एव्हाना उठून झाकण उघडायला गेले असतील. त्यांच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी हळहळू नये. त्यांच्याकडे गुडघा असतो, मुलांची परीक्षा असते, घराचं रंगकाम निघालेलं असतं, आणि यातलं काहीच नसेल तर समोरच्यानेच आधी फोन करायला हवा होता, हे असतं. हे वाचता वाचता मध्येच तुम्हाला एक नाव आठवून गेलं. लगेच त्यापाठोपाठ कारणही आठवलं. नावाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. कारणाची मात्र मुळीच काळजी करू नका. ते मजबूत आहे, रोज तपासलं जातं, आणि तुम्हा दोघांपैकी एकाला तरी ते नक्कीच पुरून उरेल.